अधिकार देण्याचा अधिकार कोणाच्या हाती?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाची आर्थिक पत सरकारी कचेरीपेक्षा सहकारी संस्थेच्या दप्तरात अधिक नोंदलेली असते. शेतकऱ्याचे पीककर्ज पीकेपीएसमध्ये (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेत), घरातली ठेव गल्लीतल्या सौहार्द संस्थेत (कर्नाटकाच्या सौहार्द कायद्याखालील सहकारी संस्थेत) आणि दुकानदाराची रोजची पिग्मी एखाद्या मल्टिस्टेट सोसायटीत, अशी ही वाटणी आहे. या नोंदी खतावणीच्या जाड वह्यांतून संगणकावर गेल्या त्याला बराच काळ लोटला. आता त्या शाखेतल्या संगणकावरूनही उठून क्लाउडवर, म्हणजे दूरच्या एखाद्या कंपनीच्या भाड्याने घेतलेल्या यंत्रणेवर, चालल्या आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशभरासाठी एकच, क्लाउडवर चालणारे सॉफ्टवेअर हा त्या योजनेचा गाभा आहे. कर्नाटकात बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा २०२३ मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांपर्यंत नेण्यात आली, हे लक्षात घेतले म्हणजे पीकेपीएसच्या एका नोंदीवर किती पैसा अवलंबून असतो याची कल्पना येईल.

या स्थलांतराबद्दल संचालक मंडळांत चर्चा होते ती बहुधा दोनच प्रश्नांची असते: खर्च किती येणार आणि डेटा सुरक्षित राहणार का. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. एकदा दप्तर क्लाउडवर गेले की त्यातले कोणी काय वाचावे, काय बदलावे, काय पुसावे हे ठरवणार कोण? आणि हे ठरवण्याचा जो मूळ अधिकार आहे, तो स्वतः कोणाच्या हाती राहणार? या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा अधिकार संस्थेच्या निवडून आलेल्या मंडळाचा आहे, तो सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे नकळत सरकू देणे म्हणजे सभासदांनी मंडळाला दिलेला विश्वास परस्पर तिसऱ्याच्या हवाली करणे होय, आणि तो परत आणण्यासाठी तांत्रिक उपायांच्या आधी ठराव, पोटनियम आणि हिशेबतपासणी यांची गरज आहे.

आपल्याकडे सुरक्षितता म्हटली की पासवर्ड, ओटीपी आणि बोटाचा ठसा डोळ्यांसमोर येतो. या सगळ्यांनी ठरते ते इतकेच की आत येणारा माणूस तोच आहे. आत आल्यावर त्याला काय करता येईल, हा पूर्णपणे निराळा विषय आहे, आणि मोठी हानी बहुतेक वेळा तिथेच होते. चोराने पिग्मी एजंटाचा पासवर्ड चोरला तरी त्या पासवर्डाने फक्त त्या एजंटाच्या खात्यांवर आजची वसुली नोंदवता येत असेल, तर चोराच्या हाती फारसे काही लागत नाही. उलट त्याच पासवर्डाने संपूर्ण शाखेची खाती उघडत असतील, तर ओटीपी कितीही कडक असला तरी एका फसलेल्या फोन कॉलने संस्था उघडी पडते.

कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व नवे नाही. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत हे होते. शिवाय स्पष्ट परवानगी नसेल तर नकारच समजावा, प्रत्येक विनंती दरवेळी तपासावी आणि महत्त्वाच्या कामाला दोन स्वतंत्र किल्ल्या लागाव्यात, हीही तत्त्वे त्यांत होती. शेवटचे तत्त्व सहकारी संस्थेच्या माणसाला समजावून सांगण्याची गरजच नाही. तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडे आणि दुसरी कॅशियरकडे ही रीत तो आयुष्यभर पाळत आला आहे. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी व्यक्तीला नव्हे तर भूमिकेला अधिकार जोडण्याची पद्धत नीट मांडली: अधिकार लिपिकाच्या पदाला असतात, माणूस बदलला की ते पदाबरोबर पुढच्याकडे जातात. त्याच संस्थेने २०१४ मध्ये याच्याही पुढची पद्धत मार्गदर्शिकेच्या रूपाने दिली. तीत माणूस कोण, नोंद कोणत्या शाखेची, वेळ कोणती, यंत्र कोणते, अशा गुणधर्मांवरून दर विनंतीला निर्णय घेतला जातो.

आजच्या मोठ्या क्लाउड सेवांची अधिकारव्यवस्था याच विचारांवर उभी आहे. उदाहरणार्थ ॲमेझॉनच्या सेवेत प्रत्येक विनंतीला चार गोष्टी पाहिल्या जातात: कोण मागतो आहे, कोणती कृती मागतो आहे, कोणत्या वस्तूवर, आणि कोणत्या परिस्थितीत. कुठेच परवानगी लिहिलेली नसेल तर उत्तर नकार. एका ठिकाणी परवानगी आणि दुसऱ्या ठिकाणी स्पष्ट मनाई असेल तर मनाई वरचढ. या व्यवस्थेसाठी वेगळे शुल्कही नाही. म्हणजे साधन उपलब्ध आहे, चांगले आहे आणि फुकट आहे. अडचण आहे ती माणसांच्या आळसाची. परवानगीच्या नियमात कृतीच्या जागी एक तारकाचिन्ह (*) टाकले की सर्व कृती, आणि वस्तूच्या जागी टाकले की सर्व वस्तू. नेमके कोणते अधिकार लागतील हे शोधत बसण्यापेक्षा काम सुरू करण्याच्या घाईतला अभियंता ते चिन्ह टाकून मोकळा होतो आणि नंतर करू म्हणून सोडलेले ते चिन्ह वर्षानुवर्षे तसेच राहते.

सीमाभागातील संस्थांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी एका कारणाने वाढते. संस्था सहसा क्लाउड थेट घेत नाही, ती सॉफ्टवेअर घेते आणि सॉफ्टवेअरवाला क्लाउड घेतो. त्यामुळे अधिकारांचे दोन थर तयार होतात. वरच्या थरात लिपिकाने नोंद करायची, पासिंग अधिकाऱ्याने ती मंजूर करायची, मॅनेजरने दिवस बंद करायचा, अशी शिस्त असते आणि ती संचालकांना पडद्यावर दिसते. खालच्या थरात मात्र प्रत्यक्ष डेटाबेस, त्याच्या बॅकअप प्रती आणि संपूर्ण क्लाउड खात्याची मुख्य किल्ली असते. तिथे बसलेला माणूस लिपिक आणि पासिंग अधिकारी या दोघांनाही वळसा घालून एखाद्या खात्यातली शिल्लक थेट बदलू शकतो, आणि कोणी काय केले याच्या नोंदवहीची व्यवस्था नीट नसेल तर त्याचा मागही उरत नाही. वरच्या थरातल्या दोन सह्यांचे कौतुक करून खालचा थर पाहायचाच नाही, ही मला आजची सर्वांत मोठी फसगत वाटते. खानापूर तालुक्यातली एखादी सौहार्द संस्था कल्पनेत आणा. मुख्य खाते पूर्वीच्या एका संगणक ऑपरेटरच्या खासगी ई-मेलवर उघडलेले, तो आता पुण्याला नोकरीत, पुष्टीचा संदेश जातो तो त्याच्याच मोबाइलवर, आणि मंडळाच्या ठरावाच्या पुस्तकात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. अशा संस्थेचे दप्तर कायद्याने सभासदांचे आहे, पण व्यवहारात ते कोणाचे आहे हे सांगणे कठीण आहे.

मोठ्यांना हे जमते आणि लहानांनाच जमत नाही, असेही नाही. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेचे २०१९ मधले प्रकरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. बँकेचा डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. बाहेरून येणारी घातक रहदारी अडवण्यासाठी ठेवलेल्या एका यंत्रणेची मांडणी चुकली होती. हल्लेखोर महिलेने त्या यंत्रणेलाच फसवून तिच्या नावे मिळणारे तात्पुरते प्रमाणपत्र, म्हणजे ठराविक वेळेपुरती प्रवेशाची किल्ली, मिळवले. इथपर्यंत झालेली चूक लहान म्हणता येईल. पण त्या यंत्रणेच्या भूमिकेला साठवणीतल्या फायलींची यादी काढण्याचा आणि त्या वाचण्याचा अधिकार दिलेला होता. वाटेवरची रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेला ग्राहकांचे कर्जअर्ज वाचण्याची गरज काय, हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता तर मामला तिथेच थांबला असता. परिणामी अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी आणि कॅनडातल्या सुमारे साठ लाख लोकांची माहिती गेली. चोरी मार्चमध्ये झाली, बँकेला ती कळली जुलैमध्ये, आणि तीही बाहेरच्या एका माणसाच्या ई-मेलमुळे. पुढच्या वर्षी बँकेला आठ कोटी डॉलरचा दंड झाला. कुलूप फुटले नव्हते. दिलेला अधिकारच जास्त होता.

दुसरे उदाहरण लहान संस्थांच्या अधिक जवळचे आहे. कोड स्पेसेस नावाची एक छोटी कंपनी जून २०१४ मध्ये अक्षरशः दोन-चार दिवसांत बंद पडली. हल्लेखोराने तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पटलाचा ताबा मिळवला, खंडणी मागितली, आणि कंपनीने ताबा परत घेण्याचा प्रयत्न करताच डेटा पुसायला सुरुवात केली. बॅकअपही बऱ्याच अंशी गेले, कारण त्यांच्यापर्यंतही त्याच पटलावरून पोहोचता येत होते. बॅकअप आहे ना, मग चिंता नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येक चेअरमनने हे प्रकरण वाचावे. बॅकअप आहे याला फारसा अर्थ नाही. तो पुसण्याचा अधिकार मूळ डेटा पुसू शकणाऱ्याच माणसाकडे आहे का, हे विचारले पाहिजे.

इथे सॉफ्टवेअरवाले एक उत्तर नेहमी देतात: आम्ही जगातल्या नामांकित कंपनीचा क्लाउड वापरतो, त्यामुळे सुरक्षेची काळजी त्यांची. हे उत्तर अर्धे खरे आहे. क्लाउड कंपन्या स्वतःच जबाबदारीची वाटणी उघडपणे सांगतात: इमारत, यंत्रे, वीज आणि जाळे ही त्यांची जबाबदारी, कोणाला कोणता अधिकार द्यायचा ही वापरणाऱ्याची. कायदाही संस्थेला सुटका देत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार डेटावर काम करणारा ठेकेदार कोणीही असो आणि त्याच्याशी करार काहीही असो, जबाबदारी डेटा ज्याच्या हेतूसाठी गोळा केला त्या संस्थेचीच राहते, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण ठेवणे आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदी राखणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. ही मुदत सीमाभागातल्या संस्थांनी झोपेत घालवू नये. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा केंद्रे मुंबई-पुण्यात असल्यामुळे खानापूरच्या एखाद्या खातेदाराची नोंद न्यायालयाला न विचारता केव्हाच महाराष्ट्रात जाऊन बसलेली असू शकते. तिथे ती कोणाच्या ताब्यात आहे हे मात्र सीमारेषेवरून ठरत नाही, अधिकारांच्या तक्त्यावरून ठरते.)

अधिकार कोणाला द्यायचे हा सार्वजनिक निर्णय असतो, याचे एक चांगले उदाहरण याच राज्यात आहे. कर्नाटकाचा भूमी प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला आला. तोवर जमिनीचा उतारा लिहिणे, बदलणे आणि त्याची नक्कल देणे हे तिन्ही अधिकार गावच्या तलाठ्याच्या हाती एकवटलेले होते, आणि असे तलाठी राज्यभर सुमारे नऊ हजार होते. भूमीने हे तिन्ही वेगळे केले. नक्कल तालुक्याच्या केंद्रावर कोणालाही मिळू लागली, हस्तलिखित उताऱ्याची मान्यता गेली, नोंदीला हात लावणाऱ्याला पासवर्डऐवजी बोटाचा ठसा द्यावा लागू लागला आणि प्रत्येक कृती त्या माणसाच्या नावे नोंदली जाऊ लागली. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पुढे सरकावेत, असेही यंत्रणेतच बांधले गेले. भूमीने चिरीमिरी संपवली असे मी म्हणणार नाही; तालुका कचेरीच्या आवारात उभा राहिलेला कोणीही शेतकरी असे म्हणणार नाही. पण कोणाचा कोणता अधिकार काढायचा हे तिथे सरकारने ठरवले आणि मग प्रोग्रॅमरने तसे लिहिले. म्हणूनच त्यावर लोकांना भांडता आले, तक्रार करता आली. आपल्या संस्थांत आज उलटे घडते. प्रोग्रॅमर लिहितो आणि मंडळाला ते माहीतही नसते.

माहीत नसण्याचे एक कारण भाषा आहे, आणि ते मी अस्मितेचा प्रश्न म्हणून मांडत नाही. संस्थेचा कारभार मराठीत चालतो, निबंधकाची परिपत्रके कन्नडमध्ये येतात आणि अधिकारांचा पडदा इंग्रजीत उघडतो. अशा स्थितीत कोणत्या भूमिकेला कोणता अधिकार आहे हे वाचणारा संस्थेत एकच माणूस उरतो, आणि बहुधा तो संगणक सांभाळणारा तरुण कर्मचारी असतो. त्याच्यावर देखरेख कोणी करायची? सॉल्ट्झर आणि श्रोडर यांच्या तत्त्वांत एक असेही होते की संरक्षणाची व्यवस्था वापरणाऱ्याला सहज कळेल अशी असावी, म्हणजे तो ती योग्य रीतीने वापरेल. न कळणारी व्यवस्था माणूस वळसा घालूनच वापरतो. डेटा संरक्षणाच्या नव्या अधिनियमाने ग्राहकाला संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय दिला आहे, आणि त्या अनुसूचीत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. ग्राहकाला मिळालेली ही सोय अधिकारांच्या तक्त्याबाबत संचालकालाही मिळाली पाहिजे. खरेदीच्या करारातच ही अट घालता येते आणि गिऱ्हाईक संस्था मिळून मागतील तर कोणताही विक्रेता ती नाकारणार नाही.

या सगळ्यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की सहकार विश्वासावर चालतो. माणसामाणसांत असे संशयाचे कुंपण घातले तर संस्थेचा आत्माच जाईल. मला हा आक्षेप भावनिक वाटतो. तिजोरीला दोन किल्ल्या ठेवणाऱ्या पिढीने कॅशियरवर अविश्वास दाखवला नव्हता. उलट एखाद्या दिवशी रोकड कमी भरली तर एकट्या कॅशियरवर बोट दाखवले जाऊ नये, ही सोय केली होती.

दुसरा आक्षेप खरोखर अवघड आहे. पीकेपीएसमध्ये एक सेक्रेटरी, एक लिपिक आणि एक शिपाई असेल तर अधिकार वाटायचे कोणाकोणात? मोठ्या बँकेचा तक्ता इथे आणून चिकटवता येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण रोजच्या नोंदींसाठी दोन माणसे पुरेशी असतात. तिसरा हात लागतो तो फक्त क्वचित घडणाऱ्या आणि धोक्याच्या कृतींसाठी: नवा वापरकर्ता तयार करणे, कोणाचे अधिकार वाढवणे, जुनी नोंद बदलणे, बॅकअप पुसणे. या कृतींना दोन संचालकांची संमती लागावी आणि ती त्यांच्या मोबाइलवरून देता यावी, एवढे सॉफ्टवेअरमध्ये करणे अजिबात अशक्य नाही. संचालकांना रोजच्या नोंदी पाहण्याचा अधिकार मात्र देऊ नये. गावकीत कोणाचे कर्ज किती थकले आहे हे निवडणुकीच्या तोंडावर चावडीवर पोहोचण्याचा तो सरळ मार्ग ठरेल. अधिकार देण्याला संमती देणारा आणि डेटा वाचणारा हे वेगळे असले पाहिजेत, हे मला या विषयातले सर्वांत दुर्लक्षित कलम वाटते.

तिसरा आक्षेप मार्चअखेरचा. वसुलीची धांदल, रात्रीचे दहा वाजलेले, सॉफ्टवेअर अडकलेले, आणि विक्रेत्याचा अभियंता म्हणतो, पूर्ण अधिकार द्या, पाच मिनिटांत करून देतो. त्या क्षणी कोणताही सेक्रेटरी देईल, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून आणीबाणीचा अधिकार आधीच ठरवून ठेवावा. क्लाउडमध्ये ठराविक वेळेपुरते प्रमाणपत्र देता येते. ॲमेझॉनच्या व्यवस्थेत ते पंधरा मिनिटांपासून बारा तासांपर्यंतचे असू शकते आणि मुदत संपली की आपोआप निकामी होते. ते दिले गेले की सर्व संचालकांना संदेश जावा आणि पुढच्या मासिक सभेत त्याचे कारण इतिवृत्तात यावे. कायमचा पासवर्ड फोनवर सांगणे आणि दोन तासांचे प्रमाणपत्र देणे यांत अभियंत्याला काडीचाही फरक पडत नाही, संस्थेला पडतो.

आता करायचे काय, तर माझ्या मते सुरुवात मंडळाच्या एका ठरावाने व्हावी. मुख्य क्लाउड खाते संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या अधिकृत ई-मेलवर असेल, विक्रेत्याला त्यात कामापुरता आणि मुदतीचा प्रवेश मिळेल, आणि नोंदवही म्हणजे कोणी कधी काय केले याची यादी विक्रेत्याला पुसता येणार नाही अशा वेगळ्या जागी साठवली जाईल, असे त्यात स्पष्ट असावे. विक्रेत्याच्या सामाईक खात्यावरच संस्थेचे सॉफ्टवेअर चालत असेल, तर निदान बॅकअप आणि नोंदवही संस्थेच्या स्वतंत्र खात्यात उतरावी. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवणे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहेच. डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांत नोंदी वर्षभर राखण्याची अपेक्षा आहे. अधिकारांना मंडळाच्या मुदतीशीही बांधावे. निवडणूक होऊन नवे मंडळ आले की जुन्या मंडळाने दिलेले विशेष अधिकार आपोआप संपावेत आणि नव्या मंडळाने ते पुन्हा द्यावेत. आपल्याकडे मंडळे बदलतात तेव्हा बँकेतल्या सह्यांचे नमुने लगेच बदलले जातात, पण संगणकातले अधिकार जुन्याच माणसांच्या नावे चालू राहतात.

पुढचा टप्पा हिशेबतपासणीचा. सहकारी लेखापरीक्षक रोकड मोजतो, तारणाची कागदपत्रे पाहतो, थकबाकीची वर्गवारी तपासतो. अधिकारांचा तक्ता त्याने पाहिलाच पाहिजे असे राज्याच्या सहकार खात्याने आणि मल्टिस्टेटच्या बाबतीत केंद्रीय निबंधकाने ठरवून द्यावे. त्याच्या अहवालात किमान एवढे असावे की नोंदी बदलू शकणाऱ्यांची संख्या किती, त्यांतले संस्थेचे नोकर नसलेले किती, आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी किती जणांचे प्रवेश अजून चालू आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंदाबरोबर हे तीन आकडे वाचून दाखवायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

पीकेपीएसच्या बाबतीत मात्र हे स्थानिक पातळीवर सुटणारे नाही, कारण तिथे सॉफ्टवेअर राष्ट्रीय आहे आणि वर जिल्हा मध्यवर्ती बँक, राज्य शिखर बँक आणि नाबार्ड अशी उतरंड आहे. वरच्या पायऱ्यांना खालची आकडेवारी दिसणे योग्यच आहे. कर्जवाटपाचे नियोजन त्यावरच होते. पण एकूण आकडेवारी दिसणे आणि हुक्केरीच्या अमुक शेतकऱ्याचे खाते उघडून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते खाते बदलता येणे ही तिसरी. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत जिथे एकेका पीकेपीएसच्या मतावर राजकारण फिरते, तिथे हा फरक पुस्तकी राहत नाही. कोणत्या पायरीवरच्या कोणत्या पदाला यांपैकी नेमके काय करता येते, याचा तक्ता प्रत्येक पीकेपीएसच्या नोटीस बोर्डावर मराठीत आणि कन्नडमध्ये लागला पाहिजे, आणि त्यात बदल झाला तर तो बदल कोणाच्या आदेशाने झाला हेही त्याखाली लिहिलेले असले पाहिजे.